खुबा दुखतो म्हणजे नेमकं कुठे दुखतं?

प्रश्न थोडक्यात असा: वय ४३, पुरुष, बैठी नोकरी. आठ महिन्यांपासून उजवा खुबा दुखतो. कमरेचा एमआरआय झाला, त्यात एल-फोर एल-फाइव्हला डिस्क बल्ज निघाला, म्हणजे कमरेच्या चौथ्या-पाचव्या मणक्यांमधली चकती फुगलेली दिसली. मग बेल्ट, ट्रॅक्शन, शेक, नसांच्या गोळ्या सगळं करून झालं, फरक शून्य. हल्ली मांडी घालून बसता येत नाही, उजव्या पायात मोजा चढवताना जांघेत कळ येते आणि गाडीतून उतरल्यावर पहिली चार पावलं लंगडत पडतात. दोन वर्षांपूर्वी त्वचेच्या आजारासाठी काही महिने स्टेरॉइडच्या गोळ्या चालू होत्या, हे त्यांनी जाता जाता लिहिलंय. ‘हे मणक्याचंच आहे ना?’ असं विचारलंय.

मला तसं वाटत नाही. जांघेतली कळ, मोजा घालताना होणारा त्रास, मांडी न घालता येणं आणि मागे घेतलेलं स्टेरॉइड या चार गोष्टी एकत्र दिसल्या की मणका बाजूला ठेवून आधी खुब्याचा सांधा बघायचा. याच आठवड्यात दोन्ही खुब्यांचा एक्स-रे काढा. तो चांगला आला तरी तेवढ्यावर थांबू नका, दोन्ही खुब्यांचा एमआरआय करून घ्या. शंका आहे ती खुब्याच्या बॉलचा रक्तपुरवठा तुटल्याची, म्हणजे एव्हीएनची. ती खोटी ठरली तर उत्तमच, पण तपासायची राहून जाता कामा नये. का, ते जरा ऐसपैस सांगतो, कारण हेच दुखणं घेऊन कमरेला बेल्ट बांधून फिरणारे बरेच आहेत.

ओपीडीत ‘डॉक्टर, खुबा दुखतोय’ म्हणत कोणी आलं की मी त्यांना लगेच खुर्चीत बसू देत नाही. उभं राहा आणि एका बोटाने जागा दाखवा, म्हणतो. बहुतेकांचं बोट पाठीमागे जातं, कमरेखाली आपण ज्यावर बसतो त्या भागावर. काहींचं बाहेरच्या अंगाला, कुशीवर झोपलं की गादीला टेकतं त्या हाडावर. जांघेकडे बोट नेणारे त्या मानाने थोडे, आणि खुब्याचा सांधा आहे तो तिथेच. बाहेरून हाताला लागतं ते हाड म्हणजे मांडीच्या हाडाचा वरचा कोपरा. सांधा त्याच्या आतल्या बाजूला, जांघेच्या घडीच्या साधारण मध्यावर, स्नायूंच्या जाड थराखाली असतो. त्यामुळे सांध्याचं दुखणं जांघेत येतं, मांडीच्या पुढून खाली उतरतं आणि कित्येकदा गुडघ्यातच मुक्काम ठोकतं. खुबा आणि गुडघा या दोघांकडून मेंदूला निरोप नेणाऱ्या काही नसा सामाईक आहेत, म्हणून ही गफलत होते. गुडघ्याचा एक्स-रे, गुडघ्याला तेल, गुडघ्याचा पट्टा, गुडघ्यात इंजेक्शन, आणि बिघाड खुब्यात, असे रुग्ण नेहमी भेटतात. गुडघा तपासून काही हाती लागलं नाही तर त्याच्या वरचा सांधा तपासायचाच.

काही जण बोट दाखवतच नाहीत. अंगठा मागे आणि चार बोटं पुढे जांघेकडे अशी हाताची पकड कमरेच्या बाजूला घालतात आणि ‘इथे आत, खोल’ म्हणतात. ही पकड दिसली की माझा संशय सांध्यावर जातो.

घरी करून पाहण्यासारखी एक तपासणी आहे. (पडल्यानंतर दुखायला लागलं असेल किंवा खुब्याचं ऑपरेशन झालेलं असेल तर करू नका.) पाठीवर झोपा, दुखरा पाय खुब्यात आणि गुडघ्यात काटकोनात वाकवा, आणि घरातल्या कोणाला तरी गुडघा जागेवर धरून तुमचं पाऊल हळूच बाहेरच्या बाजूला न्यायला सांगा. पाऊल बाहेर जातं तेव्हा मांडीचं हाड खुब्यात आतल्या बाजूला फिरतं, आणि सांधा बिघडला की बहुधा हीच हालचाल सगळ्यात आधी कमी होते. मग चांगल्या पायाचं तसंच करून पाहा. एक पाय सहज फिरतो आणि दुसरा अर्ध्यावर अडून जांघेत कळ देतो, असं असेल तर ते डिस्कचं काम नव्हे. मणक्यातली नस दबली की दुखणं कमरेतून किंवा बसायच्या भागातून निघतं, मांडीच्या मागून वा बाजूने गुडघ्याखाली जातं, पावलापर्यंत मुंग्या येतात, खोकलं-शिंकलं की झटका बसतो. खुबा बिघडलेल्या माणसाला खोकल्याचं काही वाटत नाही. त्याला पायाची नखं कापता येत नाहीत, बाइकवर टांग टाकताना पाय हाताने उचलावा लागतो, आणि भारतीय पद्धतीच्या संडासात उकिडवं बसणं बंद होतं.

मग एमआरआयमध्ये दिसलेल्या त्या डिस्कचं काय? ज्यांची कंबर दुखत नाही अशाच लोकांच्या मणक्याच्या स्कॅनचे अनेक अभ्यास २०१५ साली एकत्र करून मांडले गेले. त्यात विशीतल्या सुमारे ३० टक्के लोकांत डिस्क फुगलेली निघाली, चाळिशीच्या ५० टक्के लोकांत, ऐंशीच्या ८४ टक्क्यांत. म्हणजे चाळिशी गाठलेल्या, काहीही न दुखणाऱ्या माणसाला मशीनमध्ये घातलं तरी रिपोर्टवर ‘बल्ज’ छापून येण्याची शक्यता निम्मी. रिपोर्ट खोटा नसतो, पण तक्रारीशी त्याचा संबंध आहे की नाही हे मशीन सांगत नाही. मणका आणि खुबा दोन्ही एकाच माणसात बिघडलेले असू शकतात, विशेषतः साठीनंतर. तेव्हा कोणता किती दुखवतोय हे ठरवायला कधी कधी सोनोग्राफीवर बघून खुब्यात भुलीचं इंजेक्शन द्यावं लागतं. त्याने तासाभरात आराम पडला तर दोष सांध्याचा.

आता एव्हीएन. मांडीच्या हाडाच्या टोकाला जो गोळा असतो, ज्याला सगळे बॉल म्हणतात, त्याला रक्त पोचतं ते मुख्यतः खालून हाडाच्या मानेवरून, म्हणजे गोळ्याखालच्या निमुळत्या भागावरून, वर चढणाऱ्या बारीक धमन्यांतून. दुसरी भरवशाची वाट नाही. ती बंद पडली की तेवढ्या भागातल्या हाडाच्या पेशी मरतात. विचित्र भाग असा की मेलेलं हाड लगेच दुखेलच असं नाही आणि साध्या एक्स-रेत ते सुरुवातीला दिसतही नाही. वाळवी लागलेल्या चौकटीसारखं वरून शाबूत राहून ते काही महिने, कधी वर्ष-दोन वर्षं भार पेलतं. मग कूर्चेच्या, म्हणजे गोळ्यावरच्या गुळगुळीत आवरणाच्या खाली बारीक तडा जातो, गोळा एका बाजूने चपटा होतो, आणि चपट्या गोळ्यावर फिरून फिरून तो ज्या खोबणीत बसतो ती वाटीही खराब होते. गोळा चपटा होण्याआधी एमआरआयमध्ये हे पकडता येतं, म्हणून ‘एक्स-रे नॉर्मल आहे’ या वाक्यावर माझा राग आहे. तरुण माणसाची जांघ आठवडेच्या आठवडे दुखत असेल तर नॉर्मल एक्स-रेने काहीच मिटत नाही.

याची कारणं ठरलेली आहेत: जास्त डोसमध्ये किंवा बरेच दिवस घेतलेली स्टेरॉइड, नेहमीची आणि भरपूर दारू, खुब्याचं जुनं फ्रॅक्चर किंवा निखळणं, सिकलसेल, किंवा ल्युपससारखे आजार (यात शरीराची प्रतिकारशक्तीच शरीरावर उलटते). काही जणांत काहीच सापडत नाही. वय साधारण पंचविशी ते पन्नाशी, म्हणजे घर ज्यांच्यावर चालतं तीच माणसं. आपल्याकडे तरुणांचा खुबा बदलावा लागतो त्यामागे हे फार मोठं कारण आहे. कोविडच्या काळात स्टेरॉइडने कितीतरी जीव वाचले, आणि त्यानंतर काहींच्या खुब्याने कुरबूर सुरू केली. मुंबईतल्या डॉक्टरांनी अशा तीन रुग्णांची नोंद २०२१ मध्येच प्रसिद्ध केली होती. याचा अर्थ स्टेरॉइड वाईट, असा कृपा करून घेऊ नका. दमा, ल्युपस, किडनीचे काही आजार यांत ते लागतंच, आणि चालू गोळी स्वतःच्या मनाने एकदम बंद करणं जिवावर बेतू शकतं. मला धास्ती वाटते ती दुसऱ्याच स्टेरॉइडची. ‘सांधेदुखीवर रामबाण’ म्हणून बिनलेबलच्या पुड्या मिळतात, ज्या घेतल्यावर तीन दिवसांत गुडघे पळायला लागतात, भूक वाढते, चेहरा गोल होतो. अशा पुड्यांत स्टेरॉइड मिसळलेलं अनेकदा सापडलंय. घेणाऱ्याला वाटतं आपण जडीबुटी खातोय.

सिकलसेलबद्दल विदर्भातल्या आणि नंदुरबारकडच्या वाचकांसाठी मुद्दाम लिहितो. गडचिरोली, चंद्रपूर, गोंदिया, नंदुरबार या पट्ट्यात हा रक्ताचा आनुवंशिक आजार बराच आहे. अंगदुखीचे झटके, अशक्तपणा, वारंवार कावीळ असलेल्या तरुण मुलाचा खुबा दुखत असेल तर सिकलसेलची तपासणी आणि खुब्याचा एमआरआय दोन्ही व्हायला हवेत. २०२३ च्या जुलैपासून केंद्र सरकारची सिकलसेल निर्मूलन मोहीम चालू आहे, सरकारी दवाखान्यात रक्ताची ही तपासणी होते.

एव्हीएन निम्म्याहून अधिक लोकांत दोन्हीकडे असतो, म्हणून एमआरआय दोन्ही खुब्यांचा. गोळा गोल असेपर्यंत वाचवण्याचे प्रयत्न करता येतात. मेलेल्या भागात ड्रिलने वाट पाडून आतला दाब कमी करतात, त्याला कोअर डिकम्प्रेशन म्हणतात. हाड ढासळू नये म्हणून अॅलेन्ड्रोनेटसारखी औषधं काही सर्जन देतात, पण त्यांच्या उपयोगाबद्दल एकमत नाही. मेलेला भाग लहान असेल तर यश बरं येतं. गोळा चपटा झाला की या सगळ्याचा फारसा उपयोग उरत नाही आणि विषय सांधा बदलण्याकडे जातो. प्रश्नकर्त्यांचे आठ महिने बेल्टमध्ये गेले म्हणून मी घाई करतोय ती यासाठी.

बाहेरच्या हाडावर बोट ठेवणाऱ्यांची गोष्ट वेगळी आणि पुष्कळ बरी. यात चाळिशी-पन्नाशी-साठीच्या बायका जास्त. रात्री त्या कुशीवर झोपता येत नाही, जिना चढताना दुखतं, एका पायावर उभं राहून सलवार घालणं जमत नाही, पण नखं कापता येतात आणि पाय सगळीकडे फिरतो. पूर्वी याला सरसकट पाण्याच्या पिशवीची सूज म्हणत. आता कळलंय की बहुतेकांत दोष असतो त्या हाडाला चिकटणाऱ्या नितंबाच्या स्नायूंच्या कंडरांचा, म्हणजे स्नायू हाडाला बांधणाऱ्या दोरखंडांचा. कंडरा थकलेल्या आणि त्यात दाबल्या गेलेल्या असतात. दाब कसा येतो तर आपल्या उभं राहण्याच्या सवयीने: ओट्याशी एका पायावर भार टाकून दुसरा सैल सोडून उभं राहणं, एका बाजूला कंबर काढून मूल कडेवर घेणं, खुर्चीत पायावर पाय टाकून बसणं. मोबाइलवर बघून पाय दुसऱ्या बाजूला ओढून ताणायचे व्यायाम करतात, त्याने ती कंडरा हाडावर आणखी दाबली जाते. लाटणं फिरवून रगडणंही नको. झोपताना दुखरी बाजू वर ठेवून दोन गुडघ्यांत जाड उशी, दोन्ही पायांवर सारखा भार, आणि नितंबाचे स्नायू हळूहळू बळकट करणारे व्यायाम, फिजिओथेरपिस्टकडून शिकून. फरक दिसायला दोन-तीन महिने लागतात, हे आधीच सांगून ठेवतो. २०१८ साली प्रसिद्ध झालेल्या एका ऑस्ट्रेलियन चाचणीत सवयी बदलणं आणि व्यायाम हा गट आठ आठवड्यांनी स्टेरॉइडच्या इंजेक्शनपेक्षा पुढे होता. ‘एकच सुई द्या आणि मोकळं करा’ असं म्हणणाऱ्यांना मी हे ऐकवतो.

मागे, बसायच्या भागावर बोट ठेवलं तर बहुधा मणकाच, किंवा कमरेच्या दोन बाजूंचे माकडहाडाजवळचे सांधे. इथे एक गोष्ट तरुणांच्या बाबतीत सतत निसटते. पंचविशीचा मुलगा, पहाटे तीन-चारला दुखण्याने जाग येते, उठल्यावर अर्धा-पाऊण तास कंबर लाकडासारखी, आणि चालायला-पळायला लागलं की मोकळी होते. आज उजवीकडे, महिन्याने डावीकडे. विश्रांतीने वाढणारं आणि हालचालीने कमी होणारं हे दुखणं अँकिलोझिंग स्पॉन्डिलायटिस, म्हणजे मणक्यांचा संधिवात, असू शकतं. मध्येच डोळा लाल होऊन दुखून गेलेला असेल तर शंका आणखी बळावते. याने पुढे खुब्याचे सांधेही आखडतात. या मुलांना ‘व्यायाम कमी पडतो’ किंवा ‘गादी बदला’ असा सल्ला देत पाच-सहा वर्षं काढली जातात, आणि तोवर मणके जुळायला लागतात. त्यांनी संधिवाततज्ज्ञांना दाखवावं. आता चांगली औषधं आहेत.

पोलीस भरतीची तयारी करणाऱ्या मुलामुलींसाठी एक परिच्छेद. धावण्याची वेळ सुधारायची म्हणून जाहिरात निघाल्यावर एकदम रोज डांबरी रस्त्यावर आठ-दहा किलोमीटर पळायला लागतात, पायात झिजलेले बूट. तीन-चार आठवड्यांनी जांघ दुखायला लागते. आधी पळताना, मग चालताना, शेवटी एका पायावर उडी मारली तरी. अकादमीतला दादा सांगतो, ‘नस आखडली, पळून मोकळी कर.’ पळू नका. खुब्यात मांडीच्या हाडाच्या मानेला बारीक भेग पडलेली असू शकते, आणि ती मानेच्या वरच्या अंगाला असेल तर पळता पळता हाड पूर्ण तुटून सरकतं. मग बॉलचा तो एकुलता रक्तपुरवठाही धोक्यात येतो आणि विशीतल्या मुलाचा खुबा जातो. एक्स-रेत ही भेग सुरुवातीला बहुधा दिसत नाही, एमआरआयमध्ये दिसते. वेळेत सापडली तर कुबड्यांवर काही आठवड्यांत बरी होते, किंवा स्क्रू घालावे लागतात. मुलींमध्ये पाळी अनियमित असेल, जेवण तोडलेलं असेल तर धोका अधिक. जानेवारीतल्या मॅरेथॉनसाठी नोव्हेंबरात उठून पळायला लागणाऱ्या शहरी मंडळींनाही हेच लागू.

म्हातारं माणूस पडलं आणि खुबा दुखतोय म्हणालं, तर दुसरं काही सिद्ध होईपर्यंत ते फ्रॅक्चर. पाय आखूड दिसतो, पाऊल बाहेरच्या बाजूला पडतं, टाच उचलता येत नाही, हे तर कोणीही ओळखेल. फसवणूक होते ती दुसऱ्या प्रकारात. तुटलेली टोकं एकमेकांत रुतून बसतात, आजी लंगडत का होईना चालतात, आणि घरात ‘मुका मार आहे’ असं ठरवून हळद-तुरटीचा लेप लागतो. चार दिवसांनी बाथरूमला जाताना ते हाड सुटतं. साठीपुढच्या माणसाची पडल्यानंतर जांघ दुखत असेल तर चालता येतंय की नाही हे न बघता त्याच दिवशी एक्स-रे, आणि तो चांगला असूनही दुखणं कायम असेल तर सीटी किंवा एमआरआय. फ्रॅक्चर निघालं तर प्रकृती सांभाळून शक्यतो ४८ तासांत ऑपरेशन करून माणसाला उठवायचं. वजन लटकवून सहा आठवडे अंथरुणात ठेवलं तर हाडापेक्षा न्यूमोनिया आणि पाठीच्या जखमाच माणूस नेतात.

लहान मुलांत वयावर बरंच काही ठरतं. ताप असलेलं तान्हं बाळ एक पाय हलवत नाही, लंगोट बदलताना किंचाळतं: सांध्यात पू झालेला असू शकतो, आणि हे सकाळची वाट न बघता रात्रीच दवाखान्यात न्यायचं प्रकरण आहे. सर्दीतापानंतर तीन ते आठ वर्षांचं मूल लंगडायला लागलं तर बऱ्याचदा ती सांध्याची तात्पुरती सूज असते, आठवडा-दीड आठवड्यात जाते. पण पू नाही याची खात्री डॉक्टरने केलेली असावी. लंगडणं लांबलं आणि मुलगा चार ते आठ वर्षांचा असेल तर पर्थीस नावाचा आजार बघायचा. त्यातही बॉलचा रक्तपुरवठाच बिघडतो, मात्र वाढत्या वयात हाड पुन्हा भरून येण्याची मुभा असते. अंगाने जाड, दहा ते सोळा वर्षांचं मूल गुडघा दुखतो म्हणत पाय बाहेर फेकत चालत असेल तर वाढीच्या जागेवरून बॉल सरकलेला असू शकतो. त्याला चालवत नेऊ नका, उचलून न्या. आणि नवजात बाळ पायाळू जन्मलं असेल किंवा घरात कोणाचा खुबा जन्मतः सरकलेला असेल तर दीड महिन्याच्या आसपास खुब्याची सोनोग्राफी करा. बाळाचे पाय सरळ करून घट्ट गुंडाळू नका. कडेवर पाय फाकवून घेणं मात्र खुब्यासाठी चांगलं.

टीबीचं नाव काढलं की लोक दचकतात, पण आपल्या देशात ते काढावंच लागतं. हाडांच्या टीबीत मणक्यानंतर खुब्याचा नंबर लागतो. महिनोनमहिने हळूहळू वाढणारं लंगडणं, मांडी बारीक होत जाणं, वजन उतरणं, कधी संध्याकाळचा बारीक ताप, मूल असेल तर रात्री झोपेत कळवळून ओरडणं. छातीचा एक्स-रे स्वच्छ आणि खोकला नाही म्हणून टीबी नाही, असं होत नाही. सांध्यातलं पाणी किंवा तुकडा काढून तपासायचा, मग औषधं, हाडाच्या टीबीला साधारण वर्ष ते दीड वर्ष. मधेच बरं वाटलं म्हणून सोडायची नाहीत.

बाकी कारणं पटापट. मांडीच्या बाहेरच्या बाजूला हातभर जागा जळजळते, बधिर वाटते, पण चालायला काही त्रास नाही: परकराची नाडी, घट्ट पट्टा किंवा सुटलेलं पोट यांनी कातडीची एक नस दाबली गेली आहे. नाडी सैल करा, पुष्कळदा तेवढ्यावर भागतं. जांघेत खोकताना गोळा येतो तो हर्निया. एका बाजूला आग होऊन तीन-चार दिवसांत पुरळ उठलं तर नागीण. उन्हाशी संबंध नसलेल्या बायका, दोन्ही खुबे आणि कंबर दुखते, जमिनीवरून उठताना हात टेकावे लागतात, चालताना बदकासारखं डोलतात: ड जीवनसत्त्व तपासा. आणि ज्यांना स्तनाचा, प्रोस्टेटचा, फुप्फुसाचा, किडनीचा किंवा थायरॉइडचा कर्करोग झालेला आहे त्यांचा खुबा रात्री, अंथरुणात पडल्या पडल्याही ठणकत असेल तर व्यायाम-मालिश थांबवून आधी स्कॅन.

साध्या झिजेबद्दल फार लिहीत नाही, कारण गुडघ्याच्या मानाने आपल्याकडे खुब्याची झीज कमी दिसते आणि दिसते तेव्हा मागे बऱ्याचदा जुना एव्हीएन, जन्मतः उथळ वाटी किंवा बालपणीचा आजार असतो.

एक्स-रे कसा काढायचा हेही लिहून ठेवतो. नुसत्या दुखऱ्या बाजूचा नको. ओटीपोटाचा, दोन्ही खुबे एकाच फिल्मवर येतील असा समोरून, आणि शक्य असेल तर पाय बेडकासारखे फाकवून दुसरा. डावं-उजवं शेजारी ठेवल्याशिवाय बारीक फरक डोळ्यात भरत नाही.

निदान होईपर्यंत काय करायचं? काठी घ्या. लोक लाजतात, पण खुब्याला तिच्याइतका स्वस्त आराम नाही. चालताना प्रत्येक पावलाला खुब्यावर शरीराच्या वजनाच्या अडीच-तीन पट भार येतो, कारण वजन तोलायला बाजूचे स्नायूही त्याला दाबतात. काठी दुखऱ्या पायाच्या विरुद्ध हातात धरली की या स्नायूंचं काम हलकं होतं. उजवा खुबा दुखत असेल तर काठी डाव्या हातात. दहातले नऊ जण ती उलट धरतात. वेदनाशामक गोळ्या आठवडाभर ठीक, पण बीपी, किडनी किंवा पोटाच्या अल्सरचा त्रास असेल तर दुकानदाराने दिलेली डायक्लोफेनॅक घेऊ नका. जमिनीवर बसणं, उकिडवं बसणं, उड्या, पळणं बंद. पोहणं चालेल. मांडी रोज बळजबरीने घालून ‘मोकळी’ होत नाही.

सांधा बदलण्याची वेळ आलीच तर धसका घेऊ नका. जॉन चार्नली या इंग्लिश सर्जनने १९६२ साली आजच्या पद्धतीचा पाया घातला आणि तेव्हापासून हे ऑपरेशन सुधारतच गेलंय. परदेशांतल्या मोठ्या नोंदींवरून २०१९ साली काढलेल्या हिशेबात १० पैकी साधारण ६ कृत्रिम खुबे २५ वर्षांनंतरही टिकून होते. चाळिशीतल्या माणसाला आयुष्यात दुसऱ्यांदा करावं लागू शकतं, हे मात्र आधीच माहीत असावं.

यानंतर सगळ्यांचा पुढचा प्रश्न ठरलेला असतो: मग मांडी घालून जेवायला बसता येईल का? मागच्या बाजूने ऑपरेशन केलं असेल तर खुबा निखळायची भीती असते ती मुख्यतः पाय खूप वाकवून आत फिरवण्याची. मांडी घालताना पाय बाहेर फिरतो. त्यामुळे मोठ्या डोक्याचा, म्हणजे मोठ्या बॉलचा, सांधा नीट बसवलेला असेल तर पुढे कित्येक जण सर्जनच्या परवानगीने मांडी घालतात. उकिडवं बसणं मी स्वतः कोणाला सुचवत नाही. पहिले दीड ते तीन महिने जेवायला आणि पूजेला उंच खुर्ची, संडासात कमोडवर वाढीव सीट, आणि झोपताना दोन पायांत उशी. त्यानंतर काय चालेल ते तुमचा सांधा ज्यांनी बसवला त्यांना विचारा, कारण कुठून उघडला आणि किती घट्ट बसला हे त्यांनाच माहीत असतं.